शौचालय तुंबले तरी टाकीत माणूस उतरवू नका

कांदा-टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतला शेतकरी, हमाल, ट्रकचालक यांची गर्दी होते. एखाद्या व्यापारी संकुलात दहा-पंधरा गाळे आणि एकच शौचालय असेल, तर ते तुंबायला वेळ लागत नाही. मग "कोणाला तरी बोलवा" असे म्हटले जाते. तो 'कोणीतरी' बहुतेक वेळा आपल्याच माणसांपैकी असतो. म्हणून या कामाची योग्य रीत आम्ही येथे देत आहोत.

आधी शौचालय बंद करा आणि वरच्या मजल्यावरचाही पाण्याचा वापर थांबवा. मग पाहा, तुंबले किती? एकच भांडे तुंबले असेल तर अडथळा बहुधा त्याच्या वाकात असतो. गुटख्याच्या पुड्या, कापड, सॅनिटरी पॅड तिथे अडकतात. रबरी प्लंजरने दाब द्या. ॲसिड ओतू नका. प्लास्टिक त्याने विरघळत नाही, उलट पुढे काम करणाऱ्याच्या अंगावर ते उडते.

सगळीच भांडी तुंबली असतील तर बाहेरच्या चेंबरचे झाकण काढा. चेंबर कोरडे असेल तर अडथळा इमारतीकडच्या पाइपात आहे. ते भरलेले आणि पुढचे रिकामे असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे. वर उभे राहूनच लांब सळई किंवा स्प्रिंग फिरवा. सगळी चेंबर भरलेली असतील तर बहुधा सेप्टिक टाकीच भरली आहे. तेव्हा उपसा करणारी सक्शन गाडीच बोलवावी. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. पावसाळ्यात काळ्या जमिनीतला शोषखड्डा पाणी घेत नाही. उपसूनही टाकी चार दिवसांत भरली, तर दोष खड्ड्याचा समजा.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात आणि प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. पण तो वायू फार वाढला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणून "वास नाही, उतर" हे बोलणे जीवघेणे आहे. मिथेन पेट घेतो, तेव्हा जवळ बिडी-काडी नको. कोणी आत पडलाच, तर त्याच्यामागे उडी मारू नका; ११२ वर फोन करा.

सांडलेली घाण हातमोजे व गमबूट घालून साबणाच्या पाण्याने धुवा, मग ब्लीचिंग पावडर वापरा. ब्लीचिंग आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. जवळच जमिनीखाली पाण्याची टाकी असेल तर ती साफ होईपर्यंत ते पाणी पिऊ नका; अतिसार, कावीळ, विषमज्वर असेच पसरतात.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधने व सुरक्षेची व्यवस्था न करता माणसाला गटार वा सेप्टिक टाकी साफ करायला लावणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. पण भरपाईने घरचा माणूस परत येत नाही. मालकाने गाडीचे भाडे वाचवायचे आणि आपल्या पोराने जीव द्यायचा, हा हिशेब आपण मान्य करायचा नाही. "गाडी बोलवा, मी उतरणार नाही," एवढे स्पष्ट सांगा.