बूस्ट पेडल आणि नादाची जात : विद्युत गिटारच्या ध्वनिघडणीचे विवेचन

सारांश

बूस्ट पेडल हे विद्युत गिटारचा आवाज मोठा करण्याचे साधन आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात या समजाची मर्यादा दाखवून, हे उपकरण प्रामुख्याने नादाची जात बदलणारे साधन कसे ठरते याचे विवेचन केले आहे. त्यासाठी भौतिकशास्त्रातील प्रवर्धनाच्या संकल्पनेचा आणि आपल्या संगीतशास्त्रातील 'जवारी' व 'आस' या संकल्पनांचा एकत्रित आधार घेतला आहे. शेवटी महाविद्यालयीन रंगमंच, निवासी वस्तीतील सराव आणि अध्यापन यांच्या दृष्टीने या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व मांडले आहे.

बीजशब्द : बूस्ट पेडल, प्रवर्धन, सहायक नाद, जवारी, आस, ध्वनिमर्यादा

१. प्रस्तावना

पुण्यातील महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि फिरोदिया करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत विद्युत गिटार आता परिचयाचे वाद्य झाले आहे. गिटारवादक विद्यार्थ्याच्या पायाशी लहान-लहान धातूच्या डब्या मांडलेल्या असतात. त्यांपैकी सर्वांत साधी डबी बूस्ट पेडलची. तिच्यावर बहुधा एकच गोल बटण आणि एक पायकळ असते. कळ दाबली की गिटारचा संदेश काही पटींनी वाढतो. उपकरणाची रचना इतकी साधी असूनही त्याच्या उपयोगाविषयी गैरसमज मात्र पुष्कळ आहेत. 'आवाज कमी पडतो, म्हणून बूस्ट' या समजुतीमुळे रंगमंचावर एक वादक आवाज वाढवितो, त्याला पाहून दुसरा वाढवितो, आणि अखेरीस गायकाचे शब्द ऐकू येईनासे होतात. दुसरीकडे अपेक्षित नाद मिळत नाही म्हणून विद्यार्थी एकामागून एक महागडी उपकरणे विकत घेत राहतो. या दोन्ही गोष्टींचे मूळ, आवाजाचा लहान-मोठेपणा आणि नादाची जात यांत भेद न करण्यात आहे.

२. नादाची जात आणि जवारी

आपल्या संगीतशास्त्रात नादाचे तीन गुणधर्म सांगितले जातात : लहान-मोठेपणा, उच्च-नीचता आणि जात. पहिला कंपनाच्या आयामावर व दुसरा कंपनसंख्येवर अवलंबून असतो. तिसरा गुणधर्म, म्हणजे एकाच उंचीचा स्वर सतारीतून व बासरीतून वेगळा का वाटतो याचे उत्तर, मुख्यत्वे सहायक नादांच्या प्रमाणात असते. तार छेडली असता मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे नादही निर्माण होतात. त्यांपैकी कोणते ठळक आणि कोणते क्षीण, यावरून जात ठरते.

तंबोऱ्याची जवारी ही या तत्त्वाची परिचित साक्ष होय. मिरजेच्या कारागिरांनी जोपासलेल्या या कलेत घोडीचा पृष्ठभाग अचूक वक्रतेने घासला जातो आणि तार व घोडी यांच्यामध्ये सूत सरकविले जाते. सुताची जागा केसभर हलली तरी तंबोरा 'उघडा' किंवा 'बंद' बोलू लागतो. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या घोडीच्या कार्याचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला होता. ज्या बिंदूवर तार छेडली जाते तेथे ज्या सहायक नादाची निस्पंद जागा असते तो नाद उमटू नये, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. वक्र घोडीच्या वाद्यांत मात्र तो नादही उमटतो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजेच तार जेथे टेकते तेथील असरळ संबंधातून नवे सहायक नाद जन्म घेतात.

विद्युत गिटारच्या संदर्भात हाच असरळ संबंध तारेवर नसून प्रवर्धकात असतो, आणि तो किती प्रमाणात कार्यान्वित व्हावा हे ठरविण्याचे काम बूस्ट पेडल करते. अर्थात साम्याला मर्यादा आहे. जवारी बाहेरून ऊर्जा पुरवीत नाही. बूस्ट पेडल विद्युतघटातील ऊर्जा वापरून संदेश वाढविते. तथापि श्रोत्याला जाणवणारा परिणाम, म्हणजे सहायक नादांची समृद्धी, हा दोहोंत समान आहे.

३. उपकरणाची घडण

गिटारच्या पिकअपमधून मिळणारा संदेश सामान्यतः व्होल्टच्या एक-दोन दशांशांइतका असतो. बूस्ट पेडलमध्ये बहुतेक वेळा एक ट्रान्झिस्टर किंवा एक एकीकृत प्रवर्धक चकती, काही रोधक, काही संधारित्रे व नऊ व्होल्टचा घट एवढेच घटक असतात. न्यूयॉर्क येथे १९६८ मध्ये माईक मॅथ्यूज यांनी स्थापन केलेल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या कंपनीचे 'एलपीबी-१' हे या वर्गातील प्रसिद्ध उपकरण. त्याचा परिपथ बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकातील कॉमन एमिटर प्रवर्धकाहून वेगळा नाही. कलेक्टरकडील १० किलोओहम व एमिटरकडील ३९० ओहम यांचे गुणोत्तर सुमारे २५ येते, म्हणजेच वाढ सुमारे २८ डेसिबल होते.

येथे डेसिबलचा हिशेब लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टता दुप्पट, १२ म्हणजे चौपट, २० म्हणजे दहापट आणि २६ म्हणजे वीसपट.

४. मर्यादेपलीकडे काय घडते?

निर्वात नलिकेच्या प्रवर्धकातील पहिला टप्पा सामान्यतः सुमारे दीड व्होल्टपर्यंतचा संदेश निर्वेधपणे स्वीकारतो असे मानू. पिकअपचा संदेश ०.२ व्होल्ट असेल तर ६ डेसिबल बूस्टने तो ०.४ व १२ डेसिबलने ०.८ व्होल्ट होईल. येथपर्यंत आवाज मोठा होतो, जात फारशी बदलत नाही. २० डेसिबलला संदेश २ व्होल्ट होतो. आता तरंगाची शिखरे टप्प्याच्या मर्यादेबाहेर जातात आणि छाटली जातात.

मार्केट यार्डाच्या प्रवेशद्वाराची उपमा येथे चपखल बसते. गाड्यांची आवक वाढली की काही काळ बाजारात पोहोचणारा मालही वाढतो. द्वाराची क्षमता संपल्यावर मात्र आवक कितीही वाढली तरी आत जाणारा माल वाढत नाही, फक्त रांगेचे स्वरूप पालटते. त्याचप्रमाणे या अवस्थेत बूस्ट वाढविल्याने आवाज अल्प प्रमाणातच वाढतो, परंतु तरंगाचा आकार बदलतो आणि आकार बदलला की जात बदलते. शिखरे दोन्ही बाजूंनी सारखीच छाटली गेली तर तिसरा, पाचवा असे विषम सहायक नाद वाढतात. एका बाजूने अधिक छाटली गेली तर दुसरा, चौथा असे सम नादही मिसळतात. सम नादांपैकी दुसरा व चौथा हे मूळ स्वराचीच वरची सप्तके असल्याने नाद भरीव वाटतो.

याच क्रियेचा दुसरा परिणाम म्हणजे आस वाढणे. २६ डेसिबल बूस्टने ०.२ व्होल्टचा संदेश ४ व्होल्ट झाला असेल, तर तारेचे कंपन मंदावत हा आकडा दीड व्होल्टपर्यंत खाली येईपर्यंत बाहेर पडणारा आवाज जवळजवळ स्थिर राहतो. सतारवादक मिंडेसाठी आस जपतो. गिटारवादक तीच आस विद्युतमार्गाने मिळवितो. दीर्घ, गात्या स्वरांचे एकल वादन त्यामुळे शक्य होते.

५. दोन स्वर एकत्र वाजविले असता

मर्यादेपलीकडील प्रवर्धकात दोन स्वर एकाच वेळी गेले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नादही निर्माण होतात. २२० व ३३० हर्ट्झ हे षड्ज-पंचमाचे संबंध घेतल्यास वजाबाकी ११० येते. तो षड्जच आहे, फक्त एक सप्तक खालचा. म्हणून नाद सुसंवादी राहतो. षड्ज-गंधाराचा शुद्ध संबंध २२० व २७५ असा आहे आणि त्याची वजाबाकी ५५ म्हणजे पुन्हा षड्जच येते. परंतु गिटारचे पडदे समविभागी सप्तकानुसार बसविलेले असल्याने तेथील गंधार २७७.१८ हर्ट्झचा असतो. वजाबाकी ५७.१८ होते आणि ती ५५ शी जुळत नाही. परिणामी स्वरसमूह गढूळ ऐकू येतो. रॉक संगीतात गंधार वगळून केवळ षड्ज-पंचमाच्या जोड्या वाजविण्याची प्रथा रूढ होण्यामागे हे महत्त्वाचे कारण आहे. बूस्ट वापरणाऱ्याने स्वरसमूहांची निवडही बदलणे आवश्यक ठरते, हे यावरून लक्षात येईल.

६. बूस्टचे प्रकार

सर्व कंपनसंख्या सारख्याच वाढविणारा तो समतोल बूस्ट. वरच्या कंपनसंख्या अधिक वाढविणारा तो ट्रेबल बूस्ट. लंडनच्या डॅलस कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्यास काढलेले 'रेंजमास्टर' हे त्याचे आद्य उदाहरण मानले जाते. त्यात 'ओसी ४४' हा एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर होता. प्रवेशाजवळचे संधारित्र अवघे ५ नॅनोफॅरडचे असल्याने खर्जाकडील भाग अडविला जाई. रोरी गॅलघर यांनी हे उपकरण आणि ब्रायन मे यांनी याच जातीचे ट्रेबल बूस्टर व्हॉक्स कंपनीच्या 'एसी ३०' प्रवर्धकासमोर वापरले.

खर्ज कमी करून बूस्ट करण्यामागचे शास्त्र मननीय आहे. जाड तारांच्या कंपनांचा आयाम मोठा असतो. ती प्रथम मर्यादा गाठतात आणि संपूर्ण तरंगाची छाटणी त्यांच्याच तालावर होऊ लागते. खर्ज आधीच आवरला तर छाटणी मधल्या व वरच्या भागावर होते आणि नाद रेखीव राहतो. मध्यम कंपनसंख्या उचलणारा तिसरा प्रकार वाद्यवृंदाच्या गर्दीतून गिटारला वाट काढून देतो.

प्रवेशरोध हाही निवडीचा एक निकष होय. 'एलपीबी-१' सारख्या जुन्या परिपथांचा प्रवेशरोध काही दहा किलोओहम इतकाच असतो. त्यामुळे पिकअपवर भार पडून वरच्या कंपनसंख्या मंदावतात. एक मेगओहम प्रवेशरोधाच्या आधुनिक परिपथांत हा परिणाम जवळजवळ नसतो. उलट, लांब वायरीमुळे होणारी वरच्या कंपनसंख्यांची हानी ते टाळतात. मंदपणा हा दोष की गोडवा, हे मात्र वादकाच्या कानाने ठरवावयाचे असते.

७. साखळीतील स्थान

एकच बूस्ट दोन ठिकाणी दोन वेगळी कामे करतो. विरूपक पेडलच्या किंवा प्रवर्धकाच्या पहिल्या टप्प्याच्या आधी तो जोडला तर सहायक नाद व आस वाढतात, आवाज फारसा वाढत नाही. विरूपक टप्प्याच्या नंतर जोडला आणि पुढे पुरेशी क्षमता शिल्लक असेल तर जात तीच राहून आवाज वाढतो. एकल वादनाच्या वेळी गिटार पुढे यावी एवढाच हेतू असेल तर दुसरे स्थान योग्य, आणि त्यासाठी ३ ते ६ डेसिबल बहुधा पुरेसे होतात. गिटारवरील आवाजाचे बटण हा या व्यवस्थेचाच भाग आहे. बूस्ट चालू ठेवून ते कमी केले की नाद स्वच्छ होतो, वाढविले की भरीव होतो.

दोन सावधानता येथे नोंदविल्या पाहिजेत. पहिली, बूस्ट गोंगाटालाही तितकाच वाढवितो. सिंगल कॉइल पिकअपमध्ये शिरणारी ५० हर्ट्झ वीजपुरवठ्याची घरघर २० डेसिबल बूस्टने दहापट होते. दुसरी, संगणकाला जोडावयाच्या अंकीय उपकरणांत मर्यादा अत्यंत कठोर असते. तेथे प्रवेशापाशीच शिखरे छाटली गेल्यास मिळणारा नाद कर्कश असतो आणि तो नंतर सुधारता येत नाही. गणेशोत्सवातील पिकअप बसविलेल्या बेंजोचा नाद प्रवर्धक व कर्णे यांच्या मर्यादेपलीकडे नेला की जो तीक्ष्णपणा येतो, तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणता टप्पा मर्यादा ओलांडतो यावर माधुर्य व कर्कशता यांतील अंतर अवलंबून असते.

८. वस्ती, रंगमंच आणि श्रवण

गुलटेकडीच्या मार्केट यार्ड परिसरात घाऊक बाजारपेठ आणि दाटीची निवासी वस्ती शेजारी-शेजारी नांदतात. अशा वस्तीत सराव करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पेच असतो : भरीव नादासाठी प्रवर्धक मोठा करावा, तर शेजाऱ्यांना त्रास. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पहिल्या टप्प्याआधी बूस्ट जोडून प्रवर्धकाचे अंतिम आवाजाचे बटण खाली ठेवले तर सहायक नाद व आस बऱ्याच अंशी मिळतात आणि खोलीतील आवाज मात्र मर्यादेत राहतो. म्हणजे ज्या उपकरणाकडे गोंगाटाचे कारण म्हणून पाहिले जाते, तेच योग्य वापराने गोंगाट टाळण्याचे साधन ठरते.

श्रवणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, ही कामाच्या ठिकाणची शिफारस केलेली मर्यादा मानली जाते आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीस हा काळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलच्या रंगमंचावर सुरक्षित काळ जेमतेम पंधरा मिनिटे उरतो. एकदा झालेली श्रवणहानी भरून येत नाही. संगीताचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या तरुणाने कानच गमवावे, याहून मोठे नुकसान कोणते?

९. अध्यापनातील उपयोग

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विद्याशाखांच्या परस्परसंबंधांवर भर दिलेला आहे. भौतिकशास्त्र व संगीत या विभागांना एकत्र आणणारे सुलभ प्रात्यक्षिक म्हणून बूस्ट पेडलचा विचार व्हावा. लागणारे सर्व घटक बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सहज मिळतात. विद्यार्थ्यांनी परिपथ जोडावा, त्याची वाढ मोजावी, दोलनदर्शीवर शिखरे छाटली जाताना पाहावीत आणि त्याच क्षणी ध्वनिक्षेपकातून तो बदल ऐकावा. प्रवेशाचे संधारित्र १०० ऐवजी ५ नॅनोफॅरडचे केले असता काय घडते, हेही तपासावे. शेजारी तंबोरा ठेवून सूत सरकविले असता नाद कसा उघडतो, याची तुलना करावी. आलेखावरील आकार आणि कानाला जाणवणारी जात यांचा संबंध एकाच तासिकेत प्रत्ययास येईल.

१०. निष्कर्ष

(अ) बूस्ट पेडल पुढील टप्प्याच्या मर्यादेच्या आत आवाज वाढविते आणि मर्यादेपलीकडे नादाची जात व आस बदलते.

(आ) उपकरणाच्या किमतीपेक्षा त्याचे साखळीतील स्थान, प्रवेशरोध आणि खर्जाचे नियमन हे घटक अंतिम नादावर अधिक परिणाम करतात.

(इ) जात बदलण्यासाठी मोठा आवाज अपरिहार्य नाही. हे ज्ञान विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचल्यास शेजार, रंगमंचावरील गायक आणि वादकाचे स्वतःचे श्रवण या तिन्हींचे रक्षण होईल.

(ई) जवारी व आस या आपल्या परंपरेतील संकल्पना विद्युत वाद्यांच्या नादाचे विश्लेषण करण्यासही समर्थ आहेत. त्यांचा असा उपयोग अध्यापनात जाणीवपूर्वक करणे इष्ट ठरेल.