मुक्कामी गाडी सकाळी का निघत नाही?



वाडीवरच्या आया बाळांना घेऊन दवाखान्यात उशिरा का पोहोचतात, असे आपल्यापैकी काहीजण विचारतात. पुष्कळदा उत्तर एकच असते: मुक्कामी गाडी निघाली नाही. जिंतूरकडच्या डोंगराळ भागातल्या आंध वस्त्यांना रात्री गावात थांबून पहाटे परत निघणाऱ्या एसटीचा मोठा आधार. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खासगी जीप दारात असली तरी आया एसटीचीच वाट पाहतात. ती चुकली की दिवस गेला, मजुरीही गेली.

एसटीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन सुरू असले की कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. अलीकडच्या गाड्यांत हँडब्रेकचे काम एक दणकट स्प्रिंग करते. हवेचा दाब तिला मागे रेटतो तेव्हाच चाक सुटते. पाइपात बारीकशी गळती असेल तर रात्रभरात टाकी रिकामी होते, आणि सकाळी काटा वर चढेपर्यंत गाडी जागेवरच घुरघुरत राहते. लोक चिडतात चालकावर! बॅटरी उतरली असेल तर पंचाईत दुप्पट. सेल्फ लागत नाही म्हणून हवा भरत नाही, आणि हवा नाही म्हणून चाके जखडलेली. मग साऱ्या गावाने धक्का मारला तरी ती हलत नाही. लहानपणी आपण एसटीला धक्के मारले, त्या गाड्या वेगळ्या होत्या.

खड्ड्यांत पाटे तुटतात, धुळीने एअर फिल्टर भरून गाडी चढावर काळा धूर सोडते. यातले बरेच काही डेपोतला मेकॅनिक वेळीच हेरतो. डेपोत उभ्या गाड्यांची तपासणी रात्री होऊ शकते, पण मुक्कामी गाडीची रात्र गावातच जाते. तिच्या वाट्याला दिवसाच्या फेऱ्यांमधला थोडा वेळ उरतो. सर्वांत वाईट रस्त्यावरच्या गाडीला मेकॅनिकचा हात सर्वांत कमी लागतो, खरी अडचण माझ्या मते हीच.

म्हणून आम्ही दवाखान्यात शक्यतो अकरानंतरची वेळ मागतो. ज्यांना सकाळीच पोहोचायचे असते त्यांना आदल्या दिवशी मिशनच्या खोलीत मुक्कामाला बोलावतो. थंडी तोंडावर आहे, आणि त्या खोलीत सतरंज्या व ब्लँकेटे कमी पडतात. वापरलेली, धुतलेली असली तरी चालतील.