सर्व्हरसाठी एसएसडी निवडताना : टिकाऊपणा नेमका कशात मोजावा?

कुंभकोणम (तमिळनाडू) : कावेरीकाठच्या या मंदिरनगरीत १९०४ मध्ये कुंभकोणम बँक स्थापन झाली. आज ती सिटी युनियन बँक या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्यालय अद्याप येथेच आहे. एकेकाळी खातेवह्यांत जमाखर्च मांडणाऱ्या अशा संस्थांचा सारा व्यवहार आता सर्व्हरवर चालतो. येथून सुमारे चाळीस किलोमीटरवर, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, वेगळ्या प्रकारचे दप्तर आहे : तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे. खातेवही रोज लिहिली जाते. हस्तलिखित एकदा लिहून पिढ्यान्‌पिढ्या राखले जाते. सर्व्हरसाठी टिकाऊ एसएसडी ड्राइव्ह घेताना हाच फरक प्रथम विचारात घ्यावा लागतो आणि खरेदीच्या घाईत नेमका तोच राहून जातो.

एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नसते. सिलिकॉनच्या सूक्ष्म पेशींत विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो आणि तो किती आहे यावरून माहिती वाचली जाते. लिहिणे पानापानाने होते. पुसायचे झाल्यास मात्र अनेक पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. एखाद्या पानावरील एकच आकडा बदलायचा असला, तरी नियंत्रक चिप नवा मजकूर दुसरीकडे लिहिते, जुने पान रद्द ठरवते आणि पुढे सवडीने उरलेली चांगली पाने हलवून तो गठ्ठा मोकळा करते. त्यामुळे सर्व्हरने सांगितले त्याहून अधिक लेखन ड्राइव्हच्या पोटात होत असते. प्रत्येक पुसण्यागणिक पेशीचे विद्युतरोधक आवरण थोडे झिजते. पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या एसएलसी प्रकाराची सहनशक्ती सर्वाधिक असते. तीन बिट ठेवणाऱ्या टीएलसीची कमी आणि चार बिट ठेवणाऱ्या क्यूएलसीची त्याहून कमी.

ही झीज मोजण्यासाठी उत्पादक ‘डीडब्ल्यूपीडी’ हे माप देतात. हमीच्या काळात, म्हणजे बहुधा पाच वर्षे, संपूर्ण ड्राइव्ह रोज किती वेळा भरून लिहिता येईल, हे त्यातून कळते. ३.८४ टेराबाइटच्या ड्राइव्हचे हे माप १ असेल, तर पाच वर्षांत त्यावर सुमारे ७,००८ टेराबाइट लिहिता येतात. ३.२ टेराबाइटच्या ड्राइव्हचे माप ३ असेल, तर हाच आकडा १७,५२० टेराबाइटवर जातो. कमी क्षमतेचा ड्राइव्ह अधिक टिकतो आणि बहुधा महागही असतो, हे पाहून खरेदीदार गोंधळतात. वास्तविक अनेकदा दोहोंतील चिपांची मूळ क्षमता सारखीच असते. दुसऱ्यात तिचा मोठा भाग राखीव ठेवलेला असतो. राखीव जागा जितकी जास्त, तितकी पानांची हलवाहलव कमी.

मात्र मोठा आकडा म्हणजे योग्य निवड, असे नव्हे. दिवसाला ४०० गिगाबाइट लिहिणाऱ्या सर्व्हरला ३.८४ टेराबाइटच्या ड्राइव्हवर जेमतेम ०.१ एवढेच माप लागते. तेथे ३ मापाचा ड्राइव्ह बसवणे म्हणजे टेबलावरील पंख्यासाठी कारखान्याची मोटर आणण्यासारखे आहे. म्हणून आधी स्वतःचे लेखन मोजावे. चालू ड्राइव्हच्या आरोग्य अहवालात आजवर एकूण किती लिहिले गेले याची नोंद असते. महिन्याच्या अंतराने ती दोनदा टिपून वजाबाकी केली की रोजची सरासरी हाती येते. बँक किंवा पतसंस्थेने त्या महिन्यात व्याज आकारणीचा आणि महिनाअखेरीचा काळ येईल, हे पाहावे. संगणकीय नोंदींचाही हिशेब धरावा : सीईआरटी-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस भारतातच जपून ठेवाव्या लागतात आणि त्या अखंड लिहिल्या जात असतात.

दुसरा प्रश्न विजेचा. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गाजा चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. एवढे मोठे संकट नसले, तरी यूपीएसची बॅटरी ऐनवेळी दगा देऊ शकते. ड्राइव्ह वेगासाठी काही माहिती आधी तात्पुरत्या स्मृतीत घेतो. सर्व्हरला ‘लिहिले’ असे उत्तर गेले आणि त्याच क्षणी वीज गेली, तर एखाद्याच्या खात्यात जमा झालेली रक्कम नोंदीतून नाहीशी होण्याचा धोका असतो. एंटरप्राइज ड्राइव्हमध्ये यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांत साठलेल्या ऊर्जेवर ड्राइव्ह हातचे लेखन पूर्ण करतो. आर्थिक व्यवहारांच्या डेटाबेससाठी ही सोय नसलेला ड्राइव्ह, त्याचे डीडब्ल्यूपीडी कितीही असो, विचारातच घेऊ नये.

तिसरी बाब सर्वांत कमी चर्चिली जाते. वीज तोडून कपाटात ठेवलेल्या एसएसडीमधील भार हळूहळू गळतो आणि उष्णतेत अधिक वेगाने गळतो. जेडेक या मानक संस्थेच्या निकषानुसार, लेखनक्षमता पूर्ण वापरून झालेल्या एंटरप्राइज ड्राइव्हने ४० अंश सेल्सिअस तापमानात, विजेविना, तीन महिने माहिती राखली पाहिजे. घरगुती वर्गाच्या ड्राइव्हसाठी ही अट ३० अंशांत एक वर्षाची आहे. नवा ड्राइव्ह याहून कितीतरी अधिक काळ तग धरतो. तरीही या भागातील उन्हाळ्यात बंद खोलीचे तापमान पाहता, हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. हस्तलिखितांची छायाचित्रे वाचकांना झटपट दाखवण्यासाठी स्वस्त क्यूएलसी ड्राइव्ह उत्तम, कारण तेथे लेखन नगण्य आणि वाचन भरपूर. त्याच छायाचित्रांची जतन-प्रत मात्र चुंबकीय टेप किंवा हार्ड डिस्कवर, आणि तीही दोन ठिकाणी, असावी.

झिजेआधीच ड्राइव्ह बंद पडतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबाबत सूचना काढली : फर्मवेअरमधील दोषामुळे हे ड्राइव्ह ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास चालल्यावर निकामी होणार होते. सुधारित फर्मवेअरही देण्यात आले. अशा दोषात रेड पद्धतीने जोडलेले, एकाच दिवशी सुरू केलेले ड्राइव्ह जवळपास एकाच वेळी जातात आणि एकाने दुसऱ्याला सावरण्याची रचना कोलमडते. जोडीतील ड्राइव्ह वेगवेगळ्या खेपांतून घेणे, फर्मवेअरच्या सूचना नियमित पाहणे आणि बॅकअप निराळ्या यंत्रावर ठेवणे, एवढे उपाय कोणत्याही छोट्या संस्थेच्या आवाक्यातील आहेत.

एनव्हीएमई, एसएएस की साटा, हा निर्णय बहुधा सर्व्हरमधील खाचच घेते. त्यावर फार वेळ दवडण्याचे कारण नाही. त्यापेक्षा हमीपत्र वाचावे. ठरलेली वर्षे किंवा ठरलेले लेखन, यांपैकी जे आधी संपेल तेथे हमी संपते. बिघडलेला ड्राइव्ह परत दिल्यावरच बदली मिळेल, अशी अटही त्यात असू शकते. ग्राहकांचे तपशील असलेला ड्राइव्ह बाहेर पाठवणे बँकेला परवडत नाही. त्यामुळे बिघडलेला ड्राइव्ह स्वतःकडे ठेवण्याची मुभा देणारी सेवा, किंवा किल्ली पुसताच मजकूर वाचता न येणारे अंगभूत कूटलेखन, यांची मागणी खरेदीच्या निविदेतच लेखी नोंदवावी लागते. ड्राइव्ह बसल्यानंतर ती करता येत नाही.