परदेशी निघालेल्याची बॅग भरताना



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक ताई पेढे घेऊन आल्या. धाकट्या मुलाला युगांडातल्या साखर कारखान्यात काम लागलं होतं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागात हे नवं नाही. इथल्या कारखान्यांत शिकलेले कितीतरी फिटर आणि पॅनमन युगांडा, केनियाकडे गेले आहेत. ताईंनी बॅगेत भरायची यादीच केली होती. लोणचं, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गोधडी, काही सुटलं नव्हतं. आम्ही विचारलं, "आणि इंजेक्शन?" तर म्हणाल्या, "ते पिवळं कार्ड एजंटच आणून देणार आहे. सुई टोचायची गरज नाही म्हणाला, फक्त पैसे जास्त पडतील."

ऐकून आमच्या पोटात गोळा आला. म्हणून आजचं हे बोलणं.

ते कार्ड पिवळ्या तापाच्या लशीचं असतं. पिवळा ताप म्हणजे आपली नेहमीची कावीळ नव्हे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत डास चावून हा आजार होतो. आधी ताप, पाठदुखी, उलट्या होतात. बरेच जण त्यातून उठतात. पण काहींचा ताप उलटतो, डोळे पिवळे होतात, रक्तस्राव सुरू होतो. आजार इथवर गेला तर जवळपास निम्मी माणसं दगावतात. त्यावर नेमकं औषध नाही. आहे ती लस, आणि तिचा एक डोस जन्मभर पुरतो.

म्हणून कार्ड विकत घेऊ नका. विमानतळावरचा माणूस कार्ड बघून सोडेलही, पण डास थोडाच कार्ड बघतो?

ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते. बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या वारी देतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. जाताना पासपोर्ट न्यायचा, कारण त्याचा नंबर कार्डावर लिहितात. लस टोचल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं. त्यामुळे उद्या विमान आणि आज इंजेक्शन, असं चालत नाही. युगांडात शिरताना हे कार्ड मागतात. परत येताना आपलं सरकारही मागतं. कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. याला कारण आहे. पिवळा ताप भारतात नाही, पण तो पसरवू शकणारा डास, तोच आपला डेंग्यूचा पट्टेवाला डास, घरोघरी आहे. एक आजारी माणूस आला तरी धोका असतो.

सून किंवा लेक सोबत जाणार असेल तर एक लक्षात ठेवा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, ९ महिन्यांच्या आतलं बाळ, अंड्याची जोरदार अॅलर्जी असलेली किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेली व्यक्ती, यांना ही लस सहसा देत नाहीत. वय ६० च्या पुढे असेल तरी आधी डॉक्टरांशी बोलायचं.

दुसरा शत्रू मलेरिया. तो आपल्या गडचिरोलीतही आहे, पण आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूवर जाऊ शकणारा. उपचाराला एक दिवस उशीर झाला तरी जिवावर बेतू शकतं. तिथं वाढलेल्या माणसाच्या अंगात थोडीफार ताकद तयार झालेली असते, आपल्या पोराच्या नसते. जाणाऱ्या मोठ्या माणसासाठी याची लस नाही, गोळ्या आहेत. कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतात. काही रोज घ्यायच्या, काही आठवड्यातून एकदा. त्या निघण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही, काही तर चार आठवडे, चालू ठेवाव्या लागतात. घरात पडलेली क्लोरोक्विनची गोळी बांधून देऊ नका, तिथल्या मलेरियावर ती चालत नाही. गोधडीबरोबर मच्छरदाणी मात्र नक्की द्या. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. प्यायला उकळलेलं किंवा सीलबंद पाणी. जुलाब लागलेच तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे आपल्याला पाठ आहे, मुलालाही पाठ करायला लावा. आणि युगांडात व्हिक्टोरिया सरोवर आहे. समुद्रासारखं पसरलेलं पाणी बघून पोहायचा मोह होतो. पण त्यातल्या गोगलगायींतून निघणारे बारीक जंतू कातडीतून अंगात शिरतात, पाणी प्यावंही लागत नाही. तेव्हा तिथे पोहणं नको, कपडे धुणं नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे आपल्या हातात आहे. मुलगा सुट्टीला घरी येतो, आठ-पंधरा दिवसांनी कणकण येते. आपण म्हणतो, हवा बदलली, दगदग झाली. काढा देतो, अंगारा लावतो. तसं करू नका. परतल्यावर तीन महिन्यांत, कधी त्याहून उशिराही, ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. आशाताईंकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाची तपासणी मोफत होते. पहिली तपासणी चांगली आली आणि ताप राहिला, तर पुन्हा करा. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, "हा आफ्रिकेतून आलाय." हे सांगितलं नाही तर साधा ताप समजून गोळी मिळते आणि मोलाचा दिवस जातो.

ताईंनी एजंटला नाही म्हणून सांगितलं. मुलगा केंद्रावर जाऊन लस घेऊन आला. १० दिवस भरायचे म्हणून तिकीट पुढं ढकलावं लागलं, त्याचे पैसे गेले. ताई थोड्या हळहळल्या, पण कार्ड खरं आहे.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एवढं विचारा, की कुणाच्या घरचं माणूस परदेशी निघालंय का? असेल तर निघण्याआधी किमान सहा आठवडे डॉक्टरांकडे पाठवा, आणि कोणत्या देशात जाणार ते नाव घेऊन सांगायला लावा. देश बदलला की लस आणि गोळ्याही बदलतात.