चित्रपटास संगीत देणारा कसा घडतो?

चित्रपट पाहून घरी परतणारा प्रेक्षक नटनटींची नावे सांगतो, गाणी गुणगुणतो. परंतु दोन गाण्यांच्या मधल्या भागात जे संगीत वाजत होते ते कोणी रचले व कशासाठी रचले, ह्याचा विचार तो क्वचितच करतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यातील शाळांतून पेटी वाजविणारी, गोड गळ्याची व अलीकडे संगणकावर चाली जुळविणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांपैकी काहींच्या मनात चित्रपटास संगीत देण्याची हौस असते. पण हे मुंबईच्या मुलांचे काम, आपल्या गावात काय आहे, असे म्हणून ती हौस तेथेच विरते. उलटपक्षी, ह्या नादाने मुलाचे आयुष्य फुकट जाईल अशी धास्ती पालकांस वाटते. ह्या दोन्ही समजुतींत कितपत तथ्य आहे, हे एका थोर संगीतकाराच्या चरित्राच्या आधारे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे काम कोणते ते समजून घेऊ. चित्रपटाच्या संगीताचे दोन भाग असतात: एक गीतांच्या चाली, व दुसरा पार्श्वसंगीत. मैफलीत गवई काळाचा धनी असतो. रंग भरला तर राग वाढवितो, न भरला तर आटोपता घेतो. पडद्यावर मात्र काळाचा धनी चित्र होय. चित्रपटात एका सेकंदास चोवीस चित्रे सरकतात. समजा, एक प्रसंग चाळीस सेकंदांचा आहे व त्यात पंचविसाव्या सेकंदास दार उघडून बऱ्याच वर्षांनी मुलगा घरी येतो. संगीतकाराने मिनिटास 96 मात्रांची लय धरली, तर सबंध प्रसंगात 64 मात्रा, म्हणजे त्रितालाची बरोबर चार आवर्तने बसतात. दार उघडेपर्यंत 40 मात्रा संपतात आणि त्या क्षणी तिसऱ्या आवर्तनातील नववी मात्रा, म्हणजे खाली, येते. तबल्याचा भरीव बोल जेथे थांबतो तेथेच आईची नजर दाराकडे वळते. प्रेक्षकास हा हिशेब दिसत नाही; त्याच्या काळजात मात्र काहीतरी हालते. ज्याला ताल व त्रैराशिक ही दोन्ही येतात, त्याचे निम्मे काम सुकर होते!

आता आमच्या चरित्रनायकाकडे वळू. वसंत देसाई ह्यांचा जन्म 1912 साली कुडाळ परिसरातील सोनवडे ह्या खेड्यात झाला. कीर्तने, भजने व दशावतारी खेळ हीच त्या भागातील मुलांची पहिली संगीतशाळा. 1929 साली कोल्हापुरास प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, तेव्हा हा सतरा वर्षांचा तरुण तेथे दाखल झाला. त्या वेळी चित्रपट मुके होते. संगीतकार म्हणून तेथे जागाच नव्हती. वसंतरावांनी पडेल ते काम पत्करले व 'खुनी खंजीर' ह्या मूकपटात लहानशी भूमिकाही केली.

1932 साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला व चित्रास वाणी फुटली. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे ह्यांचे होते. वसंतराव त्यांच्या हाताखाली शिकू लागले. 1933 साली प्रभात पुण्यास गेली. पुढे केशवराव भोळे व मास्तर कृष्णराव ह्या थोर संगीतकारांचे साहाय्यक म्हणून वसंतरावांनी वर्षानुवर्षे काम केले. चाल लिहून घ्यावी, वादकांकडून बसवून घ्यावी, गाणाऱ्यास शिकवावी आणि श्रेय गुरूंचे असावे, असा हा क्रम होता. 1942 च्या सुमारास व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले व त्यांनी राजकमल कलामंदिर स्थापिले. त्यांच्या 'शकुंतला' ह्या 1943 च्या चित्रपटाने वसंत देसाई हे नाव सर्वतोमुखी झाले. म्हणजे कंपनीच्या दारात पाऊल टाकल्यापासून चौदा वर्षे लोटली होती.

ह्या चौदा वर्षांत त्यांच्या डोळ्यांसमोर जे घडले त्यातील एकच उदाहरण देतो. 1937 साली 'कुंकू' हा चित्रपट निघाला. त्यात वाद्यमेळाच्या पार्श्वसंगीताचा आधार न घेता घरातील व रस्त्यावरील स्वाभाविक आवाजांवरच भिस्त ठेवली होती. जरठ वराशी लग्न लावून दिलेल्या मुलीचे दुःख सारंगीच्या सुरांनी न सांगता घड्याळाच्या ठोक्यांतून सांगता येते, हा धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता. कोठे वाजवावे हे पुष्कळांस येते. कोठे वाजवू नये हे ज्याला कळले तो चित्रपटाचा संगीतकार.

पुढील कार्य वाचकांच्या परिचयाचेच आहे. 'अमर भूपाळी' (1951), आचार्य अत्रे ह्यांचा 'श्यामची आई' (1953), 'झनक झनक पायल बाजे' (1955) व बिस्मिल्लाखाँ ह्यांच्या सनईने गाजलेला 'गूँज उठी शहनाई' (1959) हे सर्व त्यांच्याच संगीताने नटलेले आहेत. 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ' ह्या चित्रपटात सहा कैद्यांस माणसात आणणाऱ्या अधिकाऱ्याची कथा आहे. त्या चित्रासाठी वसंतरावांनी बांधलेली प्रार्थना आज देशभर कितीतरी शाळांतून म्हटली जाते. ती म्हणणाऱ्या मुलांस ती चित्रपटातील आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते. चाल इतकी सोपी की लहान मूलही उचलते, आणि इतकी गंभीर की कैद्याच्या तोंडी शोभते. भजनाच्या संगतीत वाढलेल्या कानासच हे साधते, असे आम्हांस वाटते. 22 डिसेंबर 1975 रोजी मुंबईस उद्वाहनाच्या अपघातात त्यांचे निधन झाले.

तेव्हा आपल्या गावात काय आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास हरकत नाही. तुळजापूरच्या गोंधळ्यांचा संबळ व तुणतुणे आपल्याकडे आहे. आराध्यांची गाणी आहेत. तेर येथे गोरोबाकाकांच्या समाधीपुढे टाळ-मृदंगाचे भजन चालते. लग्नाच्या वरातीत हलगी कडाडते. हे आवाज ज्याने लहानपणी कानात साठविले त्याची ती पुंजी होय. अजय-अतुल ह्या गोगावले बंधूंचे बालपण पुणे जिल्ह्यातील लहान गावांत गेले. देवीस वाहिलेल्या जोगते-जोगतिणींच्या जीवनावरील 'जोगवा' ह्या चित्रपटाच्या संगीतास त्यांना 2008 सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 2016 च्या 'सैराट'साठी त्यांनी हॉलिवूडमधील वाद्यवृंदाकडून वादन करून घेतले. पण त्या पाश्चात्त्य वाद्यांतून गाव मराठीच बोलते.

होतकरू विद्यार्थ्यांनी मग काय करावे? एक गायन किंवा वाद्य गुरूजवळ बसून नीट शिकावे. पाश्चात्त्य स्वरलेखनही आत्मसात करावे. आवडत्या चित्रपटातील एक प्रसंग आवाज बंद करून पाहावा, घड्याळ लावून मोजावा व त्यास स्वतः संगीत रचून पाहावे. गावातील जत्रा, बाजार, पाऊस ह्यांचे आवाज मुद्रित करून ठेवावेत. त्यास आता खिशातील मोबाईल पुरतो. कोणी मित्र लघुपट करीत असल्यास त्याचे संगीत आपण करावे. शाळेचे व महाविद्यालयाचे शिक्षण मात्र सोडू नये. प्रभातच्या पुण्यातील जागेवरच 1960 साली स्थापन झालेली सरकारी चित्रपट-संस्था आज उभी आहे. तेथे ध्वनिमुद्रणाचे व ध्वनिरचनेचे शिक्षण मिळते, व त्यासाठी पदवी लागते.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची. तरुण संगीतकार संधीच्या आनंदात कागद न वाचता सही करतो. 2012 साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तीनुसार चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज इतरत्र गाणे वाजले, तर त्याच्या मानधनात रचनाकारास वाटा मिळतो. निर्मात्याच्या लाभासाठी हा हक्क करारानेही सोडून देता येत नाही. हे ज्ञान सारेगम इतकेच आवश्यक आहे.

पालकांस आमचे सांगणे असे, की त्यांची काळजी खोटी नाही. ह्या मार्गावर जाणारे पुष्कळ व पोचणारे थोडे. वसंतरावांसारख्या गुणी माणसासही चौदा वर्षे थांबावे लागले. तेव्हा मुलाची परीक्षा गळ्यावरून किंवा टाळ्यांवरून करू नये. दुसऱ्याच्या चालीसाठी, आपले नाव कोठेही नसता, तो आनंदाने राबतो काय, एवढे पाहावे. राबत असेल तर त्यास अडवू नये. आणि नुसती कीर्तीच हवी असेल, तर त्याने हौसेपुरते गावे, म्हणजे त्याची वर्षेही वाचतील व गाणेही वाचेल.