तळघरातल्या गाळ्यापासून संसदेपर्यंत: इसिडोर स्ट्राउस

परदेशातून आलेला दुकानदार अमेरिकेच्या संसदेत कसा पोचतो, हे समजायला इसिडोर स्ट्राउस यांचं आयुष्य सोयीचं आहे. आपण ते एकेका टप्प्यानं पाहू.

पहिला टप्पा, स्थलांतर. इसिडोर १८४५ साली जर्मनीतल्या ओटरबर्ग गावी एका ज्यू कुटुंबात जन्मले. वडील लाझारस १८५२मध्ये अमेरिकेत गेले. जॉर्जियात फेरीवाल्याचा धंदा करून जम बसल्यावर, १८५४मध्ये त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. टॅल्बटन गावी त्यांचं दुकान होतं.

दुसरा टप्पा, पत. यादवी युद्धात हे कुटुंब दक्षिणेच्या बाजूला होतं. दक्षिण हरली. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांची युद्धापूर्वीची उधारी मात्र शिल्लक होती. लाझारस यांनी ती फेडली. न्यू यॉर्कमध्ये चिनी मातीच्या भांड्यांचा आणि काचसामानाचा व्यापार मांडताना हेच नाव कामी आलं.

तिसरा टप्पा, गाळा. इथे अनेकांची गफलत होते. न्यू यॉर्कमधलं मेसीज हे मोठं दुकान स्ट्राउस यांनी काढलेलं नाही. ते रोलंड मेसी यांचं. १८७४मध्ये स्ट्राउस कुटुंबानं त्याच्या तळघरात आपला भांड्यांचा विभाग थाटला. अशा व्यवस्थेत माल पोटभाडेकरूचा असतो, छप्पर आणि गिऱ्हाईक मूळ दुकानाचं. हातमोजे घ्यायला आलेली बाई खाली उतरते आणि बशांचा सेट घेऊन जाते.

मेसीजची शिस्त कडक होती: किंमत ठरलेली, घासाघीस नाही, उधारी नाही. गल्ल्यात रोख येत असल्यानं मालही रोखीनं, म्हणून स्वस्तात घेता येई. मात्र माल भराभर खपला तरच हे गणित जुळतं. तो पडून राहिला, तर पैसा अडकतो आणि स्वस्ताई परवडत नाही.

चौथा टप्पा, मालकी. रोलंड मेसी १८७७मध्ये वारले. इसिडोर आणि त्यांचे भाऊ नेथन १८८८मध्ये भागीदार झाले आणि १८९६मध्ये पूर्ण मालक. दुकान १९०२मध्ये चौतिसाव्या रस्त्यावर, हेराल्ड स्क्वेअरला गेलं. गाळेकरी ते मालक व्हायला बावीस वर्षं लागली, हे ध्यानात ठेवा.

पाचवा टप्पा, राजकारण. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड इसिडोर यांचे स्नेही होते. १८९३च्या आर्थिक अरिष्टात, सरकारनं चांदी खरेदी करत राहावं असं सांगणारा कायदा रद्द व्हावा, असं इसिडोर यांचं मत होतं. जानेवारी १८९४मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे पोटनिवडणुकीत, म्हणजे मध्येच रिकाम्या झालेल्या जागेसाठीच्या निवडणुकीत, जिंकून प्रतिनिधिगृहात गेले. मार्च १८९५मध्ये मुदत संपली आणि ते धंद्याकडे परतले. १९१२मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा पत्नी आयडा यांनी त्यांना सोडून होडीत बसायला नकार दिला. दोघंही गेले.

इसिडोर यांची खासदारकी जेमतेम तेरा महिन्यांची. मंत्री झाले ते धाकटे भाऊ ऑस्कर, १९०६मध्ये. गरिबांच्या मुलांना पाश्चरीकृत, म्हणजे तापवून जंतू मारलेलं दूध पुरवलं ते नेथन यांनी. तेव्हा ‘स्ट्राउस’ असं कुठे वाचलंत, तर आधी पहिलं नाव तपासा.