माशी उठते आणि बसते

फ्रेंच लायोल चाकू हातात आला की पाते उघडण्याआधी एक करून बघा. मुठीच्या पाठीवर, पाते जिथे सुरू होते तिथे, पोलादाची एक मधमाशी बसलेली असते. तिच्यावर तर्जनी टेकवा आणि दुसऱ्या हाताने पाते सावकाश उघडा. अर्ध्या वाटेवर माशी केसभर वर उचलली जाते, आणि पाते सरळ होताच ‘टक्’ करून परत बसते. मी हे इतक्या वेळा केलेय की घरचे वैतागतात.

ही माशी म्हणजे नुसती नक्षी नव्हे. मुठीच्या पाठीवरून जाणाऱ्या पोलादी पट्टीचे, म्हणजे स्प्रिंगचे, ते टोक आहे. जुन्या घड्याळवाल्यांच्या भाषेत कमान. पट्टी मागच्या बाजूला खिळ्याने पक्की केलेली, पुढचे टोक पात्याच्या बुडावर दाबून धरलेले. बुडाला एक छोटी खाच असते. पाते पूर्ण उघडले की कमानीचा उंचवटा त्या खाचेत पडतो. कुलूप नाही, बटण नाही. चाकू उघडा राहतो तो या दाबावर, आणि मिटलेला राहतो तोही याच दाबावर. म्हणून पाते आणि कमान यांना पाणी देण्याची तऱ्हा वेगळी: पाते धार टिकवण्याइतके कडक हवे, कमान हजारो वेळा वाकून पुन्हा जागेवर येणारी.

लायोल हे दक्षिण फ्रान्समधल्या ओब्राक पठारावरचे गुराख्यांचे गाव. स्पेलिंगमध्ये ‘ग’ आहे, उच्चारात तो गिळायचा. पिएर-झां काल्मेल्स या कारागिराने 1829 मध्ये इथे हा चाकू घडवला असे मानतात. पुढे त्यात जे जे वाढत गेले, त्यातून या पठाराचे जगणे वाचता येते. आधी आला एक टोकदार टोचा. ओला, कोवळा चारा खाऊन गुराचे पोट फुगले की भकाळीत तो खुपसून वायू सोडायचा. पोटफुगीने बैल आडवा झालेला ज्याने पाहिलाय, त्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मग 1880 च्या सुमारास आला बूच काढायचा मळसूत्री स्क्रू. गुराख्याला तो कशाला? तर पठारावरची माणसे पोट भरायला पॅरिसला जात. कोळसा विकत आणि पुढे दारूची दुकाने, कॅफे चालवत. शहरातल्या धंद्याची गरज अशी गावच्या चाकूत शिरली.

माशीची गोष्ट मजेदार आहे. गावाच्या शौर्यावर खूश होऊन नेपोलियनने हे चिन्ह बहाल केले, असे विक्रेते रंगवून सांगतात. नेपोलियन वारला 1821 मध्ये, चाकू जन्मला 1829 मध्ये, आणि मधमाशी त्यावर बसली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. कमानीच्या या पसरट टोकाला चाकू बनवणारे ‘मूश’, म्हणजे माशीच, म्हणतात. त्यावर फूल कोरलेले असले तरीही.

आता विकत घेताना. नुसत्या नावावर जाऊ नका. 1993 मध्ये एका बाहेरच्या उद्योजकाने ‘लायोल’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवले. गाव कोर्टात गेले, 2012 मध्ये हरले, आणि लोकांनी वेशीवरची आपल्याच नावाची पाटी निषेध म्हणून उतरवली. त्यामुळे हे नाव आणि माशी असलेला चाकू आशियातल्या कारखान्यातलाही असू शकतो. बरे, फ्रान्समधल्याच तियेर या जुन्या चाकूनगरीत बनलेला म्हणून तो कमअस्सल ठरतो असेही नाही. काही दशके तर हा चाकू मुख्यतः तियेरनेच जगवला.

मग बघायचे काय? कमानच. भिंगाखाली माशीच्या मानेपाशी जोड दिसला तर ती वेगळी करून वेल्ड केलेली. उत्तम चाकूत माशी आणि कमान एकाच पोलादाची असते. कमानीवरची नक्षी कानशीने हाताने कोरलेली असेल, तर दोन खाचा तंतोतंत सारख्या नसतात. तो दोष समजू नका, सही समजा. मिटलेला चाकू उजेडासमोर धरून पाते मुठीच्या दोन्ही भिंतींच्या मधोमध आहे का पाहा. उघडल्यावर पाते डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळले तर परत ठेवा. मुठीवरून डोळे मिटून अंगठा फिरवा: शिंग किंवा लाकूड जिथे धातूला भेटते तिथे नख अडकता कामा नये. मुठीवर खिळ्यांच्या ठिपक्यांचा क्रूस असतो, मेंढपाळाचा क्रूस म्हणतात त्याला. पाव किंवा मातीत चाकू रोवून रानातच प्रार्थना करायचे, अशी आख्यायिका आहे.

शेवटी आवाज. उघडताना ‘टक्’ स्वच्छ यायला हवा. मिटताना मात्र पाते फटकन सोडू नका. पारंपरिक घडणीत धार आतून कमानीवर आपटून बोथट होऊ शकते. बोटांनी आवरत, सावकाश मिटा.

आणि भेट म्हणून मिळाला, तर देणाऱ्याच्या हातावर एक नाणे ठेवा. चाकूने मैत्री कापली जाते, असे फ्रेंच लोक मानतात. नाणे दिले की ती भेट राहत नाही, सौदा होतो.